रुग्णमित्र नेमताना: पहिल्या फोनपासून फाइल परत घेईपर्यंत

‘मावशीसाठी पेशंट ॲडव्होकेट ठेवलाय’ असं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि पाच मिनिटांत काकांचा फोन आला. ‘हॉस्पिटलवर केस ठोकलीस की काय?’

काकांना हसण्यात अर्थ नव्हता. मराठीत ॲडव्होकेट म्हटलं की डोळ्यांसमोर काळा कोटच येतो. इथे मात्र कोर्टाचा काही संबंध नाही. आजारी माणसाच्या बाजूने प्रश्न विचारणारा, उत्तरं लिहून घेणारा, कागद जुळवणारा आणि अडलेल्या कामाचा पाठपुरावा करणारा माणूस म्हणजे पेशंट ॲडव्होकेट. रुग्णमित्र हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. ओळखीपाळखीतून, सेवाभावाने धावून येणाऱ्यालाही आपण रुग्णमित्र म्हणतो हे खरं. पण मी लिहितेय ते ठरवून, लेखी अटींवर आणि बहुधा फी देऊन नेमलेल्या माणसाबद्दल. त्याला नेमायचं कसं याची कल्पना मला अजिबात नव्हती. दोनदा अडखळून जे शिकले, ते क्रमाने सांगते.

आधी, हा माणूस करतो काय

आमच्या रुग्णमित्र पूर्वी नर्स होत्या. त्यांना मी बाईच म्हणायचे. मावशीच्या डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी औषधांची पिशवी पलंगावर रिकामी केली. घरून आणलेल्या जुन्या स्ट्रिप्स डावीकडे, आज मिळालेल्या नव्या उजवीकडे. मग एकेक स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायला सुरुवात केली. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. खरं औषध खाली, मिलिग्रॅमच्या शेजारी लिहिलेलं असतं. दोन स्ट्रिप्स त्यांनी जवळजवळ ठेवल्या. रंग वेगळा, नाव वेगळं, आतली रक्तदाबाची गोळी एकच. मावशीने घरी जाऊन दोन्ही घेतल्या असत्या, कारण जुनी बंद करा असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, ही जुनी बंद करून आता फक्त ही नवी, असंच ना? डिस्चार्ज कार्डावर तेवढं लिहून देता का?’ डॉक्टरांनी कागद घेतला, पाहिलं, लिहिलं, सही केली. सगळं मिळून दोन मिनिटं. कोणाचा अपमान नाही, कोणाशी वाद नाही. रुग्णमित्राचं काम म्हणजे काय, ते मला त्या दोन मिनिटांत कळलं.

एरवीच्या कामात बऱ्याच गोष्टी येतात. डॉक्टरांच्या भेटीला सोबत जाणं, वेगवेगळ्या तज्ज्ञांनी सांगितलेलं एका जागी आणणं, सेकंड ओपिनियनची तयारी करणं, बाबवार बिल मागून ते तपासणं, विम्याचा क्लेम नाकारला तर फेरविचाराचा अर्ज तयार करणं, घरी गेल्यावर लागणारी सोय आधीच लावून ठेवणं. एकच माणूस हे सगळं सारखंच चांगलं करील असं नाही. नर्सिंगमधून आलेल्यांना वॉर्डातलं कळतं, विमा कंपनीतून आलेल्यांना पॉलिसीची कलमं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

निदान करणं, औषध बदलणं, ऑपरेशन करावं की नाही हे ठरवणं त्याचं काम नाही. रात्री उशाशी बसणारी आयाही तो नव्हे. नुकसानभरपाईचा दावा लावायचा असेल, तर काकांच्या मनातला काळा कोटच गाठावा.

सोबत दुसरा कान का लागतो

अमेरिकेतल्या बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पेशंट आपलं दुखणं सांगायला लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो, असं 2003 मधला एक आढावा सांगतो. म्हणजे सांगायचं राहून जातं आणि ऐकलेलं निसटतं. घरचं माणूस सोबत असतंच, पण ते घाबरलेलं असतं. ‘गाठ’ हा शब्द कानावर पडला की पुढची दहा मिनिटं आपल्याला काहीही ऐकू येत नाही. वही-पेन घेऊन बसलेल्या तिऱ्हाइताला ते ऐकू येतं.

पहिली पायरी: त्याला पैसे कोण देतं ते बघा

शिक्षण, अनुभव, गोड बोलणं हे सगळं नंतर. मी चुकले ती इथेच. मला पहिल्यांदा जो ‘पेशंट कोऑर्डिनेटर’ भेटला, तो तत्पर होता, फी घेत नव्हता आणि दर वेळी एकाच हॉस्पिटलचं नाव सुचवत होता. त्याला तिथून कमिशन मिळत होतं. तसं त्याने लपवलंही नाही. मी विचारलंच नव्हतं.

हॉस्पिटलचा स्वतःचा जनसंपर्क किंवा पेशंट रिलेशन्स विभाग असतो. खोली बदलून हवी, रिपोर्ट अडकलाय, कोणी उद्धट बोललं, अशा कामांना तो उत्तम, आणि तिथे आधी जावं, कारण फुकट आहे. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत तर 2002 पासून यासाठी ‘पाल्स’ नावाची व्यवस्थाच आहे. पण पगार हॉस्पिटलचा असतो हे विसरू नका. भांडण हॉस्पिटलच्याच बिलाचं असेल तर त्या माणसाची अडचण तुम्हीच समजून घ्या. विमा कंपनीचा केस मॅनेजर मदत करतो, पण कंपनीच्या नियमांच्या चौकटीत. सेवाभावी संस्था बहुधा ठराविक आजार किंवा ठराविक अडचण असलेल्यांनाच घेतात. अमेरिकेतलं पेशंट ॲडव्होकेट फाउंडेशन 1996 पासून गंभीर आणि दीर्घ आजाराच्या रुग्णांसाठी विनाशुल्क असं काम करतं. तुमची गोष्ट अशा संस्थेच्या कक्षेत बसत असेल तर खिशात हात घालण्याआधी तिथे अर्ज करा.

आणि मग स्वतंत्र रुग्णमित्र, ज्याची फी तुम्ही देता. पुढचा बहुतेक मजकूर याच्याबद्दल आहे.

दुसरी पायरी: खरंच गरज आहे का

तीन-चार तज्ज्ञ आहेत आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. पेशंट एका गावी, मुलं दुसऱ्या देशात. दोन डॉक्टरांची मतं उलट आहेत आणि निर्णय मोठा आहे. क्लेम नाकारलाय आणि पत्रातली भाषा कळत नाही. अशा वेळी रुग्णमित्राची फी वसूल होते.

साधं, ठरलेलं ऑपरेशन आहे, डॉक्टर नीट बोलतात, घरात एक शांत डोक्याची व्यक्ती आहे, तर त्या व्यक्तीच्या हातात वही द्या, पुरे. छातीत कळ आली असेल तर अर्थातच आधी इमर्जन्सीत जा. रुग्णमित्राला फोन नंतर.

तिसरी पायरी: काम एका वाक्यात लिहा

‘आम्हाला मदत हवी आहे’ एवढ्यावर कोणी नीट मदत करू शकत नाही आणि मीटर मात्र चालू राहतं. माझं पहिलं वाक्य होतं, ‘मावशीच्या तब्येतीकडे लक्ष द्या.’ बाईंनी ते वाचून विचारलं, ‘म्हणजे सोमवारी सकाळी मी नेमकं काय करू?’ उत्तर शोधता शोधता वाक्य झालं: ‘डिस्चार्जच्या वेळी औषधं जुळवून द्यावीत आणि पुढच्या दोन्ही तपासण्यांना सोबत यावं.’ याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि काम झालं की नाही हे कोणीही सांगू शकतं. तुमचं वाक्य ‘सोमवारी सकाळी’च्या परीक्षेत पास होईपर्यंत कोणाला फोन लावू नका.

चौथी पायरी: शोधायचं कुठे

सगळ्यात कामाची माहिती त्याच आजारातून गेलेल्या कुटुंबांकडे असते. आजारानुसार चालणारे रुग्णगट, हॉस्पिटलमधले समाजसेवा अधिकारी, निवृत्त वरिष्ठ सिस्टर, यांना विचारा.

पदवी आणि प्रमाणपत्र यांच्याबद्दल थोडं. हा व्यवसाय तसा तरुण आहे. अमेरिकेतल्या सारा लॉरेन्स कॉलेजने 1980 साली या विषयात पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. अमेरिकेतल्याच पेशंट ॲडव्होकेट सर्टिफिकेशन बोर्डाची पहिली परीक्षा व्हायला 2018 उजाडलं. ती उत्तीर्ण होणाऱ्यांना नावापुढे ‘बीसीपीए’ लावता येतं. हे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. डॉक्टरला लागतो तसा सरकारी परवाना या कामाला अमेरिकेतही लागत नाही. थोडक्यात, उद्या सकाळी कोणीही स्वतःला पेशंट ॲडव्होकेट म्हणवून घेऊ शकतं. प्रमाणपत्र असेल तर ते देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव आहे का ते पडताळा. नसेल तर लगेच बाद करू नका. आमच्या बाईंकडेही नव्हतं, वॉर्डातली बावीस वर्षं होती. माझ्या मते ती जास्त मोलाची.

पाचवी पायरी: पहिला फोन

किमान दोघांशी बोला. सुरुवातीचं अर्ध्या तासाचं बोलणं अनेक जण फी न घेता करतात, पण तेही आधी विचारून घ्या. मी वहीत हे प्रश्न लिहून ठेवले होते:

- तुम्हाला आमच्याशिवाय आणखी कोणाकडून पैसे मिळतात का? हॉस्पिटल, लॅब, औषधांचं दुकान, कोणीही?
- आमच्यासारखं काम याआधी कधी केलंत? नावं नकोत, काय केलंत ते सांगा.
- कोणतं काम तुम्ही घेत नाही?
- सध्या किती कुटुंबांचं काम हातात आहे? तुम्हीच आजारी पडलात तर कोण येणार?
- एखादं काम फसलं होतं का? काय झालं होतं?
- तुमच्याकडे व्यावसायिक जबाबदारीचा विमा आहे का?

शेवटून दुसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचाराच. एकाने मला सांगितलं, ‘माझं एकही काम फसलेलं नाही.’ मी आभार मानून फोन ठेवला. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘एका आजोबांच्या वेळी मी मुलाचंच ऐकत राहिले, आजोबांना काय हवं होतं ते विचारायचं राहिलं.’ तिथेच माझं ठरलं.

उत्तरांइतकंच, तो तुम्हाला काय विचारतो याकडे लक्ष द्या. पेशंटबद्दल एकही प्रश्न न विचारता फीवर येणारा माणूस पुढेही तसाच वागणार.

सहावी पायरी: कागदावर आणा

ओळखीतून आलेला असला तरी करार हवाच. ओळखीत तर आधी हवा. दोन पानं पुरतात. त्यात ते एका वाक्यातलं काम, कालावधी, फी, खर्चाची कमाल मर्यादा, गोपनीयता, आणि दोघांपैकी कोणालाही मधेच थांबायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं असावं.

फी चार तऱ्हेने आकारतात: तासावर, ठराविक कामाची ठोक, दरमहा, किंवा वाचवलेल्या पैशातला हिस्सा. हिस्सा फक्त बिलाच्या आणि क्लेमच्या कामात चालेल. तिथेही वाचलं कशाच्या तुलनेत, ते आकड्यात लिहून घ्या. उपचार निवडण्याच्या कामात हिस्सा कधीच नको. खर्च कमी दिसला पाहिजे या नादात सल्ला वाकडा होतो.

तासाच्या फीमध्ये घड्याळ कुठे सुरू होतं ते विचारा. ओपीडीत नंबर येईपर्यंतचे अडीच तास धरतात का? प्रवास? पाच मिनिटांचा फोन पाव तासाचा होतो का? आमच्या करारात प्रतीक्षेचा वेळ अर्ध्या दराने होता. महिन्याअखेरीस पाहिलं तर सगळ्यात मोठी रक्कम त्याचीच.

सातवी पायरी: पेशंटला विचारा

ही खरं तर पहिली पायरी असायला हवी होती. आमच्याकडे ती सातवी झाली आणि त्याची शिक्षा मला मिळाली. सगळं ठरवून मी मावशीला सांगायला गेले, तर ती म्हणाली, ‘माझ्याबद्दल बोलायला माणूस नेमलास आणि मलाच शेवटी सांगतेस होय गं?’

फी कोणीही देवो, रुग्णमित्र पेशंटचा असतो. पेशंट शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत असेल तर त्याची लेखी संमती लागते. त्याशिवाय हॉस्पिटल रिपोर्ट दाखवणार नाही, आणि तेच योग्य आहे. संमतीपत्रात कोणती माहिती, कोणाकडून, कोणाला आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहा. घरच्यांपैकी कोणाला काय सांगायचं हेही पेशंटनेच ठरवायचं. मावशीने दोन जुन्या गोष्टी घरात कोणालाही कळता कामा नयेत असं बजावलं. बाईंनी लिहून घेतलं. त्या दोन गोष्टी मला आजही माहीत नाहीत.

एक फरक नीट समजून घ्या. माहिती पाहण्याची परवानगी वेगळी आणि पेशंटच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार वेगळा. पेशंट बोलू शकत नसेल तेव्हा उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, ते घरातल्या किंवा विश्वासातल्या व्यक्तीच्या नावे, आपापल्या कायद्याप्रमाणे स्वतंत्र कागदावर करून ठेवावं. फी घेऊन काम करणाऱ्या रुग्णमित्राला हा अधिकार देऊ नये. चांगला रुग्णमित्र तो घेतही नाही.

आठवी पायरी: फाइल लावा

रुग्णमित्राच्या तासांतले कित्येक तास कागद लावण्यातच जातात. ते काम घरी बसून तुम्ही केलंत तर तेवढे पैसे वाचतात.

सगळ्यात वर एक पान: वय, आजार, झालेली ऑपरेशन्स सालासकट, ॲलर्जी, आणि सध्याची औषधं. औषधांमध्ये कंपनीचं नाव आणि आतलं औषध दोन्ही लिहा, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायचं, कशासाठी. डोळ्यांत घालायचे थेंब, विकतच्या दुखण्याच्या गोळ्या आणि काढे-चूर्णंही यात आली पाहिजेत. डॉक्टरांना सांगायला लोक तेच विसरतात. त्याखाली तारीखवार रिपोर्ट, जुना तळाशी, नवा वर.

स्कॅनचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. मूळ प्रतिमा डायकॉम या स्कॅनच्या ठरलेल्या फाइल-स्वरूपात, सीडीवर किंवा लिंकवर मागून घ्या. बायोप्सीवर दुसरं मत हवं असेल तर त्या पॅथॉलॉजिस्टला मूळ स्लाइड्स किंवा ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला तपासणीचा तुकडा, लागतो. ते मिळवायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच करा.

डॉक्टरांसमोर

ओळख पेशंटनेच करून द्यावी. ‘डॉक्टर, या माझ्या सोबत आहेत, लिहून घ्यायला. चालेल ना?’ ॲडव्होकेट हा शब्द त्या खोलीत मुळीच उच्चारू नका. डॉक्टरांनाही काळा कोटच दिसतो आणि संभाषण तिथेच आखडतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून करा.

प्रश्न तीनच न्या, महत्त्वाचा सगळ्यात आधी. निघण्यापूर्वी रुग्णमित्राने, किंवा पेशंटने स्वतः, ऐकलेलं परत म्हणून दाखवावं: ‘म्हणजे ही गोळी रात्री, पंधरा दिवसांनी रक्ततपासणी, आणि ताप आला तर त्याच दिवशी यायचं. बरोबर?’ आमच्या वेळी या ‘बरोबर?’ला डॉक्टर म्हणाले, ‘नाही, नाही, तपासणी आठ दिवसांनी.’ त्याच संध्याकाळी रुग्णमित्राची टिपणं हातात यायला हवीत. दोन दिवसांनी आली तर ती आठवणीतून लिहिलेली असतात.

असं दिसलं तर थांबा

बरं करून देण्याची हमी. एकाच हॉस्पिटलचा आग्रह. ‘ही गोळी बंदच करा’ असा स्वतःच्या अधिकारात दिलेला सल्ला. पावती न देणं. पेशंटला बाजूला ठेवून घरच्या एकाशीच कुजबुज. डॉक्टरांशी रोज नवं भांडण, ज्याचे परिणाम शेवटी पलंगावरच्या माणसाला भोगावे लागतात. आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवण्याचा हट्ट. यातलं एक दिसलं तर स्पष्ट विचारा, दोन दिसली तर करारातलं थांबण्याचं कलम काढा.

काम संपल्यावर

शेवटच्या दिवशी मूळ रिपोर्ट, सीडी आणि सगळी टिपणं मोजून परत घ्या. कोणाकडे काय प्रलंबित आहे याची यादी रुग्णमित्राकडून लिहून घ्या. त्याच्याकडच्या प्रतींचं काय होणार ते विचारा. मग हॉस्पिटलला आणि विमा कंपनीला दोन ओळींचं पत्र द्या, की अमुक तारखेपासून माझी माहिती यांना देऊ नये. सही पेशंटची. मावशीने तसं पत्र दिलं, पोच घेतली आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती औषधांची पिशवी पलंगावर रिकामी करून, चष्मा नाकावर घेऊन, एकेक स्ट्रिप उलटी करून वाचत बसली होती.